गाठी फोडून बघा: मोडलेल्या बागेतलं तांबं आणि नाल्याकाठचं कॅडमियम

प्रश्न थोडक्यात असा: वीस वर्षं उभी असलेली द्राक्षबाग मोडली. त्या रानात दोन वर्षांपासून खरिपात सोयाबीन आणि मागे हरभरा घेतला जातो. पीक महिनाभरात पिवळं पडतं आणि खुजं राहतं. दुसरा तुकडा गावाबाहेरच्या सांडपाण्याच्या नाल्याला लागून आहे. तिथे मोटार लावून नाल्याचंच पाणी घेतात, आणि मेथी, घेवडा, सोयाबीन सगळं जोरात येतं. पहिल्या रानात जड धातू साठले असतील का, आणि असले तर ते दाण्यात उतरतील का?

साठले असतील, ते बहुधा तांबंच असेल, आणि ते दाण्यात फारसं उतरणार नाही. काळजी करायची ती दुसऱ्या, हिरव्यागार तुकड्याची. तांबं मुळीवरच्या गाठी (त्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात) आणि मुळी मारतं, त्यामुळे पिकाचा चेहरा लगेच उतरतो. कॅडमियम हा सांडपाण्यातून येणारा विषारी धातू मात्र ज्या पातळीला खाणाऱ्याला बाधतो, त्या पातळीला झाडावर काहीच दाखवत नाही. म्हणून दोन्ही रानांची तपासणी वेगळी आणि उपायही वेगळे.

आधी बागेचं रान.

द्राक्षावर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. मोरचुदात तांबं साधारण 25 टक्के असतं. एकरी 400 लिटर फवारा धरला तर 4 किलो मोरचूद, म्हणजे 1 किलो शुद्ध तांबं जमिनीवर आलं. वर्षाला अशा चार फवारण्या धरा, वीस वर्षांत 80 किलो झालं. एकराच्या वरच्या 15 सेंटीमीटर थरात अंदाजे 8 लाख किलो माती असते. 80 किलोला 8 लाखांनी भागलं की किलोमागे 100 मिलिग्रॅमची भर. कॉपर ऑक्सिक्लोराईड हे दुसरं तांबंयुक्त बुरशीनाशक मारलं असेल ते यात धरलेलंच नाही. तांबं पाण्याबरोबर खाली जात नाही, चिकणमातीला आणि सेंद्रिय कर्बाला चिकटून वरच्या वीतभर मातीत बसतं. नेमका तोच थर गाठी करणाऱ्या रायझोबियम जिवाणूचा आणि सोयाबीनच्या कोवळ्या मुळ्यांचा.

पण पिवळेपणाचं खापर थेट तांब्यावर फोडू नका. तीन वेगळ्या गोष्टी लांबून सारख्याच दिसतात.

खालची जुनी पानं सबंध फिकट पिवळी आणि वरची त्यातल्या त्यात हिरवी असतील, तर नत्र कमी पडतंय, म्हणजे गाठी काम करत नाहीत. वरची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय. ते चुनखडीमुळे असू शकतं किंवा जास्तीच्या तांब्याने लोहाची वाट अडवल्यामुळे. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. सोयाबीनचा जिवाणू आपल्या मातीतला मूळचा नव्हे, तो बियाण्याबरोबरच्या कल्चरमधून (जिवाणू खतातून) आला. ज्या रानात वीस वर्षं द्राक्षच होतं, तिथे तो असण्याचं कारणच नाही. बियाण्याला कल्चर न लावता पेरलं असेल तर गाठी नसणं साहजिक आहे, त्यात तांब्याचा काही दोष नाही.

म्हणून पहिलं काम प्रयोगशाळेचं नाही, फावड्याचं. पेरणीनंतर 35 ते 45 दिवसांनी, फुलं लागायच्या सुमारास, वाफसा असताना पाच ठिकाणची दहा झाडं मातीच्या ढेकळासकट काढा. उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि निदान चुकतं. ढेकूळ बादलीत अर्धा तास भिजत ठेवा, मग माती आपोआप सुटू द्या. गाठी ब्लेडने मधोमध कापा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती नत्र बांधतेय. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद. हिरवट, करडी किंवा तपकिरी म्हणजे काम संपलेली. आतून पांढरी आणि मोहरीएवढी बारीक गाठ मात्र नीट बघा. पीक वीस दिवसांचं असेल तर ती अजून पिकायची आहे. चाळीस दिवसांनंतरही पांढरीच असेल तर ती फुकट खाणारी आहे: झाडाची साखर घेते आणि नत्र देत नाही. शेजारच्या, कधीच बाग नसलेल्या रानातली त्याच वाणाची दहा झाडं बाजूला ठेवून तुलना करा. नुसत्या गाठींच्या आकड्याला अर्थ नाही.

मुळीही बघा. तांब्याच्या माऱ्याची मुळी आखूड, जाडसर, टोकाशी तपकिरी असते, बारीक तंतुमुळ्या जवळपास नसतात. कधी काटेरी तारेसारखी दिसते.

पांढऱ्या गाठींचं कारण समजायला इंग्लंडमधल्या वोबर्नचा प्रयोग उपयोगी पडतो. तिथे 1942 ते 1961 या काळात काही वाफ्यांना जड धातू असलेला शहरी मैलागाळ दिला गेला. गाळ थांबवून वीसहून अधिक वर्षं झाल्यावर त्या वाफ्यांत पांढरं क्लोव्हर (कडधान्यांच्या कुळातलं चाऱ्याचं पीक) लावलं, तर गाठी आल्या, पण बारीक, पांढऱ्या आणि निकामी. धातूंच्या मातीत नत्र बांधणारे जिवाणू मेले होते, आणि गाठ करणारा पण नत्र न बांधणारा प्रकार तेवढा टिकला होता. पुढे त्याच मातीत बाहेरून भरपूर जिवाणू घातले. पेरणीच्या वेळी घातले तेव्हा चांगल्या गाठी आल्या, दोन महिने आधी घालून ठेवले तेव्हा आल्या नाहीत. गाठीच्या आत जिवाणू सुरक्षित असतो, तो मरतो तो मातीत मोकळा राहताना. यातून कामाची गोष्ट निघते: अशा रानात कल्चर पेरणीच्या दिवशीच आणि दर हंगामाला लावायचं. ‘गेल्या वर्षी लावलं होतं, आता जमिनीत आहेच’ हा हिशोब इथे चालत नाही. आपलं सोयाबीन क्लोव्हर नाही आणि त्याचा सावकाश वाढणारा जिवाणू, ब्रॅडीरायझोबियम, तुलनेने काटक आहे, तेव्हा आकडे जसेच्या तसे उचलू नका. वागण्याची रीत मात्र तीच.

तांबं दोषी आहे की नुसता जिवाणूचा अभाव, हे पाच कुंड्यांत कळतं. सगळ्या कुंड्या 5 किलोच्या. पहिलीत बागेची माती तशीच. दुसरीत तीच माती आणि बियाण्याला ताजं कल्चर. तिसरीत तीच माती, कल्चर नाही, पण अर्धा ग्रॅम युरिया दोन हप्त्यांत पाण्यातून. चौथीत शेजारची स्वच्छ माती आणि कल्चर. पाचवीत दोन्ही माती निम्मी-निम्मी आणि कल्चर. प्रत्येकीत चार बिया टाका, उगवल्यावर दोन ठेवा, आणि चाळीस दिवस थांबा. दुसरी कुंडी चौथीसारखीच हिरवी झाली तर फक्त जिवाणू कमी होता, सुटलात. दुसरी पिवळी पण तिसरी हिरवी असेल तर मुळी ठीक आहे, धातू गाठींना नडतोय. तिसरीही खुजी राहिली तर तांबं थेट मुळीला लागलंय, किंवा लोहाची अडचण आहे. त्या कुंडीच्या अर्ध्या पानांवर फेरस सल्फेटचा बोळा फिरवा, चार-सहा दिवसांत ती हिरवी होतात का ते पाहा. पाचवी कुंडी सांगते की खोल नांगरटीने काम भागेल का.

यानंतर मातीचा नमुना. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं किंवा पितळी भांडं वापरलं की अहवालात जस्त-तांबं फुगतं. प्लॅस्टिकची बादली आणि स्टीलचं खुरपं घ्या. बाग मोडली तरी बोदांच्या (वेलींच्या ओळींखालच्या उंच वरंब्यांच्या) रेषा अजून दिसत असतील. फवारा आणि पानगळ बोदावर जास्त पडलेली असते, म्हणून बोदाचा नमुना वेगळा आणि दोन ओळींमधला वेगळा. प्रत्येकी पंधरा-वीस ठिकाणची माती, 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटीमीटर अशा दोन खोलींवर. सावलीत वाळवा, लाकडी दांड्याने फोडा. आणि बांधापलीकडच्या कधीच बाग नसलेल्या रानाचा एक नमुना न विसरता द्या.

तो शेवटचा नमुना का? आपली काळी माती बेसाल्टची आहे. बेसाल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम मूळचंच भरपूर. युरोपीय संघाच्या 1986 च्या मैलागाळ नियमात मातीतल्या तांब्याची मर्यादा किलोमागे 50 ते 140 मिलिग्रॅम आहे. दख्खनची न फवारलेली मातीही त्यातल्या खालच्या आकड्याला सहज ओलांडते. भारतात संदर्भाला घेतली जाणारी मर्यादा 135 ते 270 आहे. एकूण तांब्याचा आकडा बघून घाबरायचं कारण नाही, शेजारच्या रानापेक्षा किती जास्त आहे ते बघायचं. आणि एकूणसोबत डीटीपीए पद्धतीने उपलब्ध तांबंही मागायचं, कारण मुळीला भेटतं ते तेवढंच. 0.2 पीपीएमच्या (किलोमागे 0.2 मिलिग्रॅमच्या) खाली कमतरता धरतात. शेजारच्या रानात आकडा एक अंकी आणि बोदावर वीस-तीसच्या पुढे असेल तर दोषी सापडला. सोबत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि चुनखडीचं प्रमाण हवंच, त्यांच्याशिवाय धातूचा आकडा वाचता येत नाही.

उपाय. तांबं जमिनीतून काढता येत नाही. मोहरी किंवा सूर्यफूल लावून धातू ‘शोषून घ्यायचे’ व्हिडिओ बरेच फिरतात, तर हिशोब करू. एकरी 2 टन वाळलेला पाला आणि त्यात किलोमागे 50 मिलिग्रॅम तांबं धरलं, तर एका पिकाने 100 ग्रॅम उचललं. 80 किलो उचलायला 800 पिकं लागतील.

पातळ मात्र करता येतं. पलटी नांगराने एकदाच खोल नांगरट केली की वरचा 15 सेंटीमीटरचा थर 30 सेंटीमीटरमध्ये मिसळतो आणि आकडा जवळपास निम्मा होतो. खाली चुनखडीचा पांढरा थर असेल तर मात्र नांगर तिथवर नेऊ नका, तांबं कमी करता करता लोहाची कमतरता ओढवून घ्याल. दुसरा उपाय कुजलेलं शेणखत, एकरी 5 टन, दर वर्षी. सेंद्रिय पदार्थ तांब्याला इतर बहुतेक धातूंपेक्षा घट्ट धरतो, इथे त्याचा खरा उपयोग होतो. चुना घालू नका. आम्लधर्मी कोकणी जांभ्या मातीत तो रामबाण आहे, तिथे सामू 6.5 पर्यंत नेला की बहुतेक धातू शांत होतात. 8 च्या आसपास सामू असलेल्या आपल्या काळ्या मातीत त्याने फक्त लोह आणि जस्त आणखी अडकेल.

बीजप्रक्रियेचा क्रम: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी रायझोबियम. या रानात तांबंयुक्त बुरशीनाशक बियाण्याला अजिबात नको. पाकीट पिकाप्रमाणे घ्या. सोयाबीनचं वेगळं, हरभऱ्याचं वेगळं, तूर-मूग-उडीद-चवळी-भुईमूग यांचं एक, वाटाणा-मसूरचं आणखी वेगळं, मेथीचं तर पाचवंच. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. नेहमीची मात्रा 10 ते 15 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. इथे ती दुप्पट करा, 1 लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून थंड केलेल्या पाण्यातून चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. शिवाय एकरी 2 किलो कल्चर 50 किलो चाळलेल्या शेणखतात मिसळून काकरीत बियाण्याखाली सोडलं, तर बोर्डोच्या मातीत जिवाणूला स्वतःचं अंथरूण मिळतं.

चाळीस दिवसांच्या तपासणीत गाठी पांढऱ्याच निघाल्या, तर त्या हंगामापुरतं पीक तृणधान्यासारखं सांभाळायचं: एकरी 20 ते 25 किलो युरिया ओलीवर, आणि शेंगा भरताना 2 टक्के युरियाची फवारणी, म्हणजे 10 लिटर पाण्याला 200 ग्रॅम. दाणा त्याने वाचतो, पण गाठीवर पोसलेल्या पिकाएवढी प्रथिनं मिळतील याची खात्री नाही. नत्र दाण्यापर्यंत पोचलं नाही की डाळीतली प्रथिनं सगळ्यात आधी घटतात, आणि वजनात ते दिसत नाही. नव्या पानांच्या पिवळेपणाला 0.5 टक्के फेरस सल्फेट आणि 0.25 टक्के चुन्याची निवळी फवारा. ड्रिपमधून लोह द्यायचंच असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेट (लोह धरून ठेवणारं संयुग) घ्या. ईडीटीए प्रकार या सामूला टिकत नाही, शिवाय सुटा झालेला ईडीटीए मातीत बसलेलं तांबंच उचलून मुळीपाशी आणून ठेवतो.

आता नाल्याकाठचा तुकडा. तिथली पिकं जोरात आहेत, कारण सांडपाण्यात नत्र-स्फुरद फुकट मिळतंय. तोच जोर फसवतो.

कॅडमियमला झाडात स्वतःचं काम नाही. मुळीत जस्त आणि लोह आत घेणाऱ्या ज्या वाटा आहेत, त्यांतून ते चोरासारखं शिरतं. कडधान्यात आणखी एक गोष्ट आड येते. नत्र बांधणारं झाड मुळीतून आम्ल सोडतं. 8 सामूच्या मातीतही मुळीच्या अंगाला चिकटलेली माती थोडी आम्लधर्मी होते आणि बसलेला धातू सुटतो. ‘आमची माती विम्लधर्मी आहे, धातू अडकून राहतात’ हे अर्धंच खरं, ते यामुळे.

झाडात साठा उतरत्या क्रमाने असतो: मुळी, खोड, पान, शेंगेचं टरफल, आणि शेवटी दाणा. म्हणून कोणता भाग खाता यावर सगळं अवलंबून. मेथी सगळ्यात धोक्याची, कारण आपण पानच खातो, आणि तिच्यावर रस्त्याच्या धुळीतलं शिसंही बसतं. ते शिसं तीन पाण्यांनी धुतलं तर बरंचसं जातं. आत शिरलेलं कॅडमियम धुण्याने जात नाही. घेवडा, गवार, वालाच्या कोवळ्या शेंगा मधोमध येतात. हरभरा, तूर, मूग यांच्या वाळलेल्या दाण्यात सगळ्यात कमी. याला अपवाद दोन, आणि दोन्ही आपल्याकडे मोठ्या क्षेत्रावरचे: सोयाबीन आणि भुईमूग. ही दोन पिकं कॅडमियम दाण्यात इतरांपेक्षा जास्त नेतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकात कडधान्यांना कॅडमियमची मर्यादा किलोमागे 0.1 मिलिग्रॅम आहे आणि त्यातून वाळलेलं सोयाबीन वगळलेलं आहे. त्यावरून काय ते ओळखा. शिसं मुळीतच अडकतं, दाण्यात क्वचित पोचतं. क्रोमियम पत्रे-भांड्यांना मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यातून आलं तर पीक उगवणीलाच बसतं, ते लपून राहत नाही.

पाण्याचा हिशोबही घाला. सिंचनाच्या पाण्यात कॅडमियम लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं अन्न व कृषी संघटनेचं मार्गदर्शन आहे. एका पाळीला एकरी 3 लाख लिटर पाणी धरलं तर त्या मर्यादेच्या पाण्यातूनही 3 ग्रॅम येतं. चार पाळ्यांचं 12 ग्रॅम. खताचंही तसंच: आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला कॅडमियमची कमाल मर्यादा किलोमागे 5 मिलिग्रॅम आहे. मर्यादेला टेकलेलं कंपोस्ट एकरी 5 टन टाकलं तर 25 ग्रॅम. दर वर्षी टाकलं तर नुसत्या कंपोस्टमधूनच दहा वर्षांत मातीत किलोमागे 0.3 मिलिग्रॅमची भर. स्वच्छ मातीत कॅडमियम साधारणपणे 1 च्या बरंच खाली असतं, तेव्हा ही भर छोटी नाही.

मृद आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्या बारा घटकांत तांबं आणि जस्त आहे, कॅडमियम आणि शिसं नाही. नमुना पाटाच्या तोंडाशी वेगळा आणि शेवटाला वेगळा घ्या. बराचसा धातू पाण्यातल्या गाळाला चिकटलेला असतो आणि गाळ तोंडाशीच बसतो. यातच एक स्वस्त उपाय आहे: पाणी थेट रानात न सोडता आधी खड्ड्यात दिवसभर निवळू द्या, वरचं घ्या. खड्ड्यातला गाळ मात्र खत म्हणून रानात पसरू नका. हे इतक्या सहज घडतं की वेगळं सांगावं लागतं.

दाण्याचा नमुना मळणीनंतरच्या ढिगातून पाच-सहा ठिकाणचा, अर्धा किलो. प्रयोगशाळेला आधीच विचारा की कॅडमियमची त्यांची किमान मोजणी किती. ती 0.1 असेल तर ‘आढळलं नाही’ या अहवालाचा काही उपयोग नाही, कारण मर्यादाच 0.1 आहे. 0.01 किंवा 0.02 पर्यंत मोजणारी, आयसीपी-एमएस यंत्र असलेली प्रयोगशाळा शोधा.

दाण्यात जास्त निघालं तर तीन गोष्टी करता येतात. उपलब्ध जस्त 0.6 पीपीएमच्या खाली असेल तर एकरी 10 किलो झिंक सल्फेट द्या. जस्ताची भूक असली की झाड त्याच वाटेने कॅडमियम ओढतं. बागेच्या रानात हे डोळे झाकून करू नका, तिथे आधीच धातूंची गर्दी आहे. दुसरं, पोटॅश म्युरिएटऐवजी (म्हणजे पोटॅशियम क्लोराइडऐवजी) सल्फेट ऑफ पोटॅशमधून द्या. क्लोराइड कॅडमियमशी जोडी करून त्याला मातीतून सोडवतं, आणि सांडपाण्यात मीठ आधीच असतं. तिसरं, पीक बदला. मेथी आणि सोयाबीन काढून झेंडू किंवा शेवंती लावा. डाळच हवी असेल तर हरभरा किंवा तूर घ्या आणि दाणा तपासून विका.

खाणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट लक्षात ठेवायची. ज्यांच्या शरीरात लोह कमी, त्यांच्या आतड्यातून कॅडमियम जास्त शोषलं जातं. रक्त कमी म्हणून घरातल्या बाईला रोज नाल्याकाठची मेथी खाऊ घालणं यामुळे उलटं पडू शकतं.

राहिलं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा. दाणा तपासणीत पास झाला म्हणून सोयाबीनचं कुटार किंवा घेवड्याचा वेल जनावरांना बिनधास्त घालू नका. खोड-पानात धातू दाण्यापेक्षा जास्त असतो आणि कॅडमियम जनावराच्या मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठतं. बागेच्या रानाचं कुटार गाई-म्हशींना सहसा चालतं, मेंढ्यांना नाही. मेंढीला तांबं फार लवकर बाधतं, आणि ती जमिनीलगत चरताना माती बरीच खाते. खतासाठी मेंढ्यांचा कळप बसवायचा असेल तर तो या रानात नको, बांधापलीकडे बसवा.